सोडणाचा भुसा

माझ्या नवऱ्याचा ट्रक सुर्ल्याच्या खाणीवर खनिज वाहायचा. खाणी बंद झाल्यावर तो दारात उभा राहिला. चार पावसाळे तसाच गेला, आणि मग भंगारवाल्याने येऊन कापून नेला. त्या दिवसापासून नवरा सकाळी चहा घेऊन पुढच्या सोप्यावर बसायचा, तो जेवायच्या हाकेलाच उठायचा. भांडण नाही, दारू नाही, तक्रार नाही. नुसतं बसणं. मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. सकाळी कंपनीची बस पकडताना तो जसा दिसायचा, तसाच संध्याकाळी परत आल्यावर दिसायचा. कधीकधी वाटायचं, आपण गेलोच नव्हतो.

पाण्यावरची शेती आमच्या घरात आली ती यामुळे. खालचं शेत खाणीच्या गाळाने कधीच भरून गेलं आहे. घरामागे वीतभर माती आणि तिच्याखाली सगळा जांभ्याचा चिरा. वाळपईत एका प्रशिक्षणाला मी सुट्टी टाकून गेले होते. तिथे माती नसलेल्या पाइपांत हिरवीगार भाजी पाहिली आणि बसमधून येतानाच यादी केली: पाइप, पंप, टाकी, जाळीचे पेले, खताची पावडर, आणि पेल्यात रोप धरून ठेवायला मातीऐवजी लागणारं काहीतरी. घर माझ्या पगारावर चाललं होतं, भाजी विकून त्यात फारसा फरक पडणार नव्हता. मला तो उठायला हवा होता, एवढंच.

आणि तो उठला. स्टँड त्याने स्वतः वेल्डिंग करून बनवला. सहा पाइप लावले, भोकं पाडली. सकाळी मी आंघोळ करून येईपर्यंत तो मागे टाकीत मीटर बुडवून पाण्यातल्या खताचा आकडा बघत असायचा. पहिलं लेट्यूस मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने घेतलं आणि अजून आहे का म्हणून विचारलं. नवऱ्याने हे मला तीनदा सांगितलं. वर्षभरात एवढं बोलला नव्हता.

अडलं ते पेल्यातल्या सामानावर. सुरुवातीला आम्ही मातीचे भाजलेले गोळे आणि दगड वितळवून केलेल्या लोकरीचे चौकोनी तुकडे मागवले होते. ते जेमतेम दोन पाइपांना पुरले. लोकर एका पिकानंतर फेकावी लागते. गोळे धुऊन परत वापरता येतात, पण उरलेल्या चार पाइपांना नवे मागवायचे, तर एका पेल्यातले गोळे त्यातल्या भाजीपेक्षा महाग पडत होते.

"ह्येचां कायतरी बघूक होयां," नवरा म्हणाला.

"तुम्ही झाडं बघा. ते मी बघते," मी म्हटलं.

वस्तू शोधणं, तपासणं, पास किंवा नापास करणं हे माझं रोजचं काम. मी एक वही घातली. डाव्या पानावर वस्तू, उजव्या पानावर निकाल.

पहिली वस्तू चिऱ्याचे तुकडे. आमच्याकडे चिरा काय कमी? शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या कामातून उरलेला आणला, फोडला, चाळला, धुतला. आठवडाभरात तो विरघळायला लागला. पाइपात तांबडा चिखल, पंपाच्या जाळीत तांबडा चिखल. नवऱ्याने पंप उघडून साफ केला आणि म्हणाला, "खाणीर व्हतंय तेव्हा इतको तांबडो नाय झालंय." नापास.

दुसरी वस्तू थर्मोकोल. पाणी सोडताच रोपांसकट वर आलं. नापास, एका दिवसात.

भाताचा कोंडा गावातल्याच एकाने पोतंभर फुकट दिला. तो हलका, पाणी धरत होता, मुळंही छान शिरली. पण सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाच्या भाताचा कोंडा होता तो. त्यात राहिलेले दाणे उगवले आणि दहाव्या दिवशी लेट्यूसच्या डोक्यावर भाताची पाती डुलायला लागली. नवरा मला हात धरून दाखवायला घेऊन गेला. "बघ, शेत गेलां म्हणून रडी होतंस. पायपात इलां." मीही हसले. पण कोंडा कुजून पाण्याला वास यायला लागला. नापास.

मे महिन्यात फुटक्या नळ्यांची, म्हणजे कौलांची, पाळी आली. जुन्या घरांची छपरं उतरवून लोक पत्रे घालतात, तेव्हा नळ्यांचे ढीग रस्त्याकडेला पडलेले असतात. दोन रविवार आम्ही मागच्या अंगणात समोरासमोर बसून हातोडीने ते फोडले. तो एका मापाचे तुकडे पाडायचा, माझे सगळे वेगवेगळे. "कंपनीत असांच करतंस?" तो विचारायचा आणि माझे मोठे तुकडे स्वतःकडे ओढून घ्यायचा. नळा चांगला निघाला. विरघळत नाही, कुजत नाही. पण दोन रविवारांत एका पाइपापुरतेच तुकडे झाले आणि नवऱ्याची कंबर धरली. तुकड्यांच्या धारेने मुळंही कापली जात होती. मी वहीत लिहिलं: पास, पण मजुरी परवडत नाही. ते दोन रविवार मला अजून लख्ख आठवतात. वहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

कारखान्यात सगळ्यांना माझ्या शोधाची खबर होती. बॉयलरवर कोल्हापूरकडचा एक जण आहे. तो रोज विचारायचा, "ताई, आज कशात लावलं?" मी नळा सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला. "माती सोडून कौलात? गावाकडं सांगितलं तर बायको मला घरात घ्यायची न्हाई. उसाची चिपाडं आणून देतो की, आमच्याकडं डोंगर हाय." पण एवढ्या लांबून चिपाडं आणायची कशातून?

सोडणाचा भुसा सुचवला तो पॅकिंगमधल्या एका बाईने. ती पेडण्याच्या खाडीकाठची. तिच्या गावात पूर्वी नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्महिने पुरून ठेवत, मग काढून बडवत आणि सुंभ वळत. आता एकदोन घरंच ते करतात. बडवताना जो भुसा गळतो, तो कुणालाच नको असतो.

"बाय, बाजारातसून विकत कित्याक घेतंस? ढीग पडलेत. तू घेवन गेलंस तर आमची जागा तरी मोकळी होतली."

बाजारात विटेसारखा दाबून मिळतो तो हाच भुसा, हे मला माहीत होतं. ऑक्टोबर जवळ आला होता. हॉटेलवाल्याने हंगामाच्या सुरुवातीपासून दर आठवड्याला माल लागेल असं सांगितलं होतं आणि रोपं तयार होती. रविवारी टेंपो करून आम्ही दोघं खाडीवर गेलो.

तिथे दोन ढीग होते. एक उघड्यावर, पावसाने भिजून काळा पडलेला, त्यावर गवत उगवलेलं. दुसरा पत्र्याखाली, कोरडा, सोनेरी, हातात घेतला की बोटांतून गळणारा. स्टोअरवालीने कुठला घ्यावा? मी पत्र्याखालचा घेतला. सहा गोणी भरल्या.

भरता भरता नवऱ्याने चिमूटभर भुसा जिभेवर ठेवला. "खारट लागता गो."

पॅकिंगवाली हसायला लागली. "खाडीतलां सोडण खारट लागतलां नाय तर गोड? दादा, माड लावताना मुळात मीठ घालतास मां? माड मीठ खावन वाढता. मगे माडाचो भुसो खारो झालो म्हणून काय बिघाडला?"

नवऱ्याने गोणीचं तोंड बांधलं. मला तिचं म्हणणं पटलं, आणि फार खोलात शिरायचंही नव्हतं. आमच्या घरी माडाच्या आळ्यात मीठ घालताना मी लहानपणापासून बघितलं आहे. मिठाने झाड मरतं हे वाक्य आमच्याकडे कुणाच्या तोंडी नाही.

घरी आल्यावर तो म्हणाला, "आदी चार भोकांत लावन बघया. आठ दीस."

"आठ दिवस कुठे आहेत? रोपं जून होतील, हॉटेलवाला दुसरीकडे जाईल. मी एकदा धुऊन घेते. सहाही पाइप आजच भरू."

इथे मला एक गोष्ट सरळ लिहिली पाहिजे. कारखान्यात नमुना तपासून आल्याशिवाय मी एक गोणी आत घेत नाही. मालक दारात उभा राहिला तरी घेत नाही. कितीतरी ड्रायव्हर माझ्या नावाने बोटं मोडत दुपारभर गेटवर थांबले आहेत. आणि माझ्या घरी, जिथे एका माणसाने कित्येक महिन्यांनी आपणहून एक निर्णय सुचवला होता, तिथे मी सहा गोणी तशाच आत घेतल्या.

तो पेले भरू लागला.

तिसऱ्या दिवशी मीटरवर आकडा चढलेला दिसला. नवऱ्याने कारखान्यात फोन करून सांगितला. मी म्हटलं, खत जास्त पडलंय, साधं पाणी घाला. त्याने घातलं. दोन दिवसांनी आकडा परत चढला, परत पाणी घातलं. मीटर पाण्यात काहीतरी विरघळलंय एवढंच सांगतो, काय ते सांगत नाही. आम्ही खत पातळ करत गेलो आणि भुशातून मीठ उतरत राहिलं. म्हणजे रोपं एका बाजूने उपाशी आणि दुसऱ्या बाजूने खारवलेली.

आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जशा इस्त्रीने भाजाव्यात. मग पानं आतल्या बाजूला वळली. दहाव्या दिवशी मी बसमधून उतरून मागे गेले तेव्हा तो पाइपांजवळ उभा होता. सगळी रोपं उपटून त्याने ओळीने जमिनीवर मांडली होती. मुळं तांबूस, गुळगुळीत, चिमटीत धरली की साल निघून येणारी.

"एकूय वाचलां नाय," तो म्हणाला.

"माझी चूक."

"तुजी कसली चूक? तू आपलां काम केलंस." यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी करू शकले असते.

हॉटेलवाल्याला फोन मी केला. तो चांगला माणूस, म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. नवरा तेव्हा पुढे जाऊन बसला होता.

मी थांबले नाही. थांबणं मला जमत नाही. मीठ काढायला भुसा किती वेळा धुवावा लागतो, ते एका माहितगाराला विचारलं. त्याने सांगितलं, उघड्यावरचा ढीग घेतला असतात तर पावसाने तो आयताच धुऊन दिला होता. हे मी घरी सांगितलं नाही.

मग डिचोलीजवळच्या एका भातगिरणीत गेले. तिथे उकडे तांदूळ करतात आणि भट्टीत कोंडाच जाळतात. अर्धवट जळलेला काळा कोंडा मागच्या बाजूला पडलेला असतो. उकडलेलं भात ते, त्यात दाणा राहिला तरी उगवत नाही. जळल्यामुळे कुजतही नाही. हलका, स्वच्छ, फुकट. या वेळी मी नमुना घेतला: एक बादली, चार रोपं, तीन आठवडे. चारही रोपं अशी आली की पहिल्या पिकातही आली नव्हती. मुळं पांढरीशुभ्र.

मी बादली उचलून त्याच्यासमोर नेऊन ठेवली.

त्याने एक रोप वर उचलून मूळ बघितलं. बोटाने हळूच फिरवून बघितलं. "बरी वाढली."

"मग? उद्यापासून पाइप धुवायला घेऊ. मी सगळं लिहून काढलंय. कोंडा कोण आणणार, पेरा कधी, पाणी कधी बदलायचं."

"त्या वहीत माजां काम खंयचां आसा?"

मी वही उघडली. त्याचं काम होतं. सकाळी मीटर बघणे, आकडा मला कळवणे. हे वाचून दाखवता दाखवता माझा आवाज खाली गेला.

"पायप गावातल्या प्लंबराक दिलंय," तो म्हणाला. "माडांच्या रोपांक पाणी सोडूक होये म्हणून मागी होतो. फाल्यां येतलो."

"मला विचारलं नाहीत?"

"आतां सांगतंय मां."

मी बरंच बोलले. चूक माझी होती, पुढचं सगळं तुम्ही ठरवा, म्हटलं. वहीसुद्धा त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती हातात घेतली, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, नळ्यांच्या पानावर थोडा थांबला, आणि बंद करून माझ्याकडे दिली. "माका आतां होवचां नाय गो. तू उगाच वायट वाटून घेव नको."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी घरात होते. प्लंबर आला. पाइप लांब, एकट्याला उचलेनात. नवरा उठला. सहाही पाइप त्याने एका बाजूने धरून बाहेर काढले, टेंपोवर चढवले, हात धुतले, आणि त्याला विचारलं, "आणखी काय ऱ्हवलां?"

"नाय," प्लंबर म्हणाला. "सगळां इलां."