एका कॉलमात बसणारा शब्द

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आप्पांची आठवण निघाली की आधी त्यांचं नख डोळ्यांपुढं येतं. आमच्या सायंदैनिकाचा अंक चौघडी घालून ते माझ्या टेबलावर ठेवायचे, एका शब्दाखाली अंगठ्याचं नख दाबायचे आणि विचारायचे, "पावणं, गुंड म्हंजे काय, सांगा की."

ओळख जुनी झाली तरी मी पावणंच राहिलो.

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या शाहूपुरीत त्यांचं गुळाचं दुकान आमच्या कचेरीसमोर होतं आणि गुन्ह्यांच्या बातम्या माझ्याकडं होत्या. त्यामुळं सुटका नव्हती. एका शब्दापायी जगाशी भांडणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आप्पांचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेला लागून, घरात कानडी. कानडीत गुंडु म्हणजे गोल दगड, हे त्यांनी मला कितीदा ऐकवलं असेल. गावच्या देवळापुढं तसा दगड होता. जत्रेत तो खांद्यावर घेईल तो गुंड. पाणी ठेवायचं गोल भांडं, गुंडगी, तीही त्यातलीच. जुन्या मराठीतही गुंड म्हणजे धट्टाकट्टा, शूर गडी. मग हा शब्द मारामाऱ्या करणाऱ्यांच्या गळ्यात कुणी बांधला? याचं उत्तर दर खेपेला वेगळं. कधी इंग्रज साहेबानं, कधी हिंदी सिनेमानं, आणि फारच तापलेले असले तर आम्ही पेपरवाल्यांनी. वर, "माझ्या बापाचं नाव गुंडाप्पा. त्यानं कधी कुणाच्या गुळाचा खडा उचलला न्हाई."

मी वैतागायचो. पान सोडायची वेळ आणि हे शब्दाचं मूळ घेऊन बसलेले. एकदा खरं कारण सांगून टाकलं. एका कॉलमाच्या मथळ्यात 'समाजकंटक' बसत नाही, 'सराईत गुन्हेगार' तर दोन ओळी खातो. गुंड कसा दोन अक्षरांत मावतो.

आप्पा म्हणाले, "म्हंजे मापाचा हाय म्हणून? चप्पल हाय व्हय ती?"

गणपतीच्या आधी पोलीस मंडळांच्या पोरांना बोलावून, मिरवणुकीत दंगा करणार नाही, असं लिहून घेतात. कोल्हापुरात याचं कुणाला काही वाटत नाही. नोटीस आली नाही तर कसला कार्यकर्ता, अशी चेष्टा चालते. एका वर्षी आप्पांच्या थोरल्यालाही नोटीस आली. तो मंडळाचा अध्यक्ष होता. बातमी फोनवर आली, जागा एकच कॉलम. 'कार्यकर्त्यांना' काही केल्या बसेना. मी 'गुंडांना नोटिसा' असा मथळा दिला आणि खाली नावं सोडली. ती वाचलीसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी आप्पा जिना चढताना दिसले. हातात अंक. पुन्हा तो गोल दगड ऐकायची ताकद माझ्यात नव्हती. मी छपाईच्या खोलीत शिरलो आणि शिपायाला सांगितलं, मी घरी गेलोय म्हण. आप्पा बराच वेळ बसले. उठताना शिपायाला म्हणाले ते मला दाराआडून ऐकू आलं. "शब्दावरनं भांडाय न्हाई आलो मी. एवढं सांगा त्यास्नी."

तरी मी बाहेर आलो नाही. मला ती त्यांची नवी युक्ती वाटली.

आठवड्यानं कळलं. थोरल्याचं लग्न कागलच्या घरी ठरत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी तो अंक पाहिला. आप्पा दुसऱ्या सकाळी त्यांच्याकडं जाणार होते. मी सोबत यावं, चूक पेपरची आहे एवढं त्यांच्यासमोर तोंडानं सांगावं, म्हणून ते आले होते. ते एकटेच गेले. एकट्या बापाचं कोण ऐकतं? लग्न मोडलं. मी मग आतल्या पानावर खुलासा छापला. खुलासा तरी कोण वाचतं?

पोराचं लग्न पुढं उशिरा झालं, निपाणीकडं. आप्पा मात्र पुन्हा जिना चढले नाहीत. एकदा धीर करून मीच दुकानात गेलो. त्यांनी चहा मागवला, गुळाच्या भावाचं बोलले. शब्दाबद्दल अवाक्षर नाही. त्यांनी भांडावं, म्हणजे मलाही तोंड उघडता येईल, अशी मी वाट बघत होतो. इतकी वर्षं डोकं खाणारा माणूस नेमका तेव्हा गप्प. गिऱ्हाईक आलं आणि मी उठलो.

दसऱ्याला सोनं द्यायला जायचं आणि म्हणायचं, असं मग ठरवलं : आप्पा, त्या दिवशी मी दाराआडच होतो, सगळं ऐकत होतो, चुकलं माझं. आपट्याची पानं घेऊन गेलो तर दुकानाला कुलूप. आप्पा आदल्याच दिवशी वारल्याचं शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. हातातली पानं मी त्यालाच दिली.