भुयारातली गिरणी

लालबागच्या आमच्या चाळीत एक काका होते. ब्याऐंशीच्या गिरणी संपाआधी ते कापड गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. कुठलीही बातमी ऐकली की ते आधी दाराकडे बघत आणि आवाज खाली आणून म्हणत, "ह्याच्या मागे कोण आहे, ठाऊक आहे?" नळाला पाणी उशिरा आलं तरी त्यांना त्यात कट दिसायचा.

आम्ही कॉलेजातले चौघे रविवारी दुपारी फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ खेळायचो. तिघे पात्रं व्हायचे, मी सूत्रधार. गोष्ट सुचली नाही की मी काकांचे कट वापरायचो. लालबागखाली भुयार आहे, त्यात एक गिरणी अजून चालते आणि तिथलं कापड नेसलेला माणूस कुणाला दिसत नाही, हे त्यांचंच. "म्हणून तर खरा मालक कोणी बघितला नाय!" असं ते म्हणायचे.

एका रविवारी ते स्वतःच खेळायला बसले. मी भुयारातल्या गिरणीचं गेट उघडलं, भोंगा वाजवला, साच्यांवर सोन्याचे धागे दाखवले. तिघे आत धावायला निघाले. काकांनी फासे खाली ठेवले.

"संप मिटला काय रे?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. मी ह्याचा विचारच केला नव्हता.

"नाही, काका."

"मग मी आत जायचो नाय."

जरा वेळाने एकेक करून तिघेही म्हणाले, "आम्हीही बाहेरच बसतो." मग काकांनी आम्हाला गेटावरच्या घोषणा शिकवल्या, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही अख्खी चाळ दणाणून सोडली.