हँडेलच्या बटाट्यांतली जाळी

आमच्या वेल्समधल्या या गावात ब्लॅकबेरी सगळेच खातात. ती कोणत्या जातीची, हे एकट्या ओल्वेनबाई विचारतात. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग. पान उलटून खालची लव बघायची, काटे फांदीच्या कडांवरच आहेत की सगळीकडे, ते बोटाने चाचपायचं. त्यांच्याकडे चहाला गेलेला माणूस बोटाला पट्टी लावूनच बाहेर पडतो.

त्यांच्या कुंपणातली गुलाबी फुलांची जाळी जगात दुसरीकडे कुठेच नाही, असं त्यांचं मत. शेजारच्या हँडेल प्यूंची तक्रार अशी, की तीच जाळी दरवर्षी कुंपण ओलांडते, त्यांच्या बटाट्यांत शेंडा टेकते आणि तिथेच मूळ धरते.

"तुमच्याकडची ती साधी रानटी जात," ओल्वेनबाई सांगायच्या. "माझी जाळी कुंपणाबाहेर पाऊल टाकत नाही."

गेल्या वर्षी जुलैत, ऐन फुलांच्या दिवसांत, जाळीची जात ठरवायला ब्लॅकबेरींच्या जातींचे नामांकित जाणकार मिस्टर लॅम्बर्न येणार होते. त्यांचं वय झालेलं. पुन्हा येतील याचा भरवसा नव्हता. आदल्या दिवशी बाई केकच्या नादात असताना त्यांच्या यजमानांनी, ग्विलिमनी, पाहुण्यांचा कोट फाटू नये म्हणून कुंपण जमिनीलगत छाटून साफ केलं. फांद्या जाळूनही टाकल्या.

"अहो, ते जाळीच बघायला येतायत."

"मला वाटलं, केक खायला."

लॅम्बर्न आले, तेव्हा बाई त्यांना घेऊन मुकाट्याने हँडेलच्या फाटकाशी गेल्या.

"तुमच्या बटाट्यांत जरा डोकावू का?"

"तिथे काय बघायचंय? साधी रानटी जात ती."

"हँडेल."

"तुमची आहे म्हणा. ग्विलिमना ऐकू जाईल असं म्हणा."

"माझी आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून कुंपण ओलांडतेय."

लॅम्बर्न गुडघ्यांवर बसले. पान उलटलं, काटे चाचपले, फूल भिंगाखाली धरलं. "अशी मी कुठेच पाहिलेली नाही," ते शेवटी म्हणाले आणि फुलांसकट एक फांदी कागदात दाबली. "आता वाढण्याची जागा लिहायची."

"कुंपण," बाई घाईने म्हणाल्या.

"कुंपणात तर मला काही दिसलं नाही."

"लिहा, प्यूंचा बटाट्याचा वाफा," हँडेल म्हणाले. "निचरा चांगला, सकाळचं ऊन."

हल्ली हँडेल बटाटे दुसरीकडे लावतात. एखादी फांदी बाईंच्या बाजूला झुकली, की ती काठीने हळूच मागे ओढून घेतात. त्यांची जाळी म्हणे कुंपणाबाहेर पाऊल टाकत नाही.