नाचायच्या मैदानात सोफे

धाकट्या भावाच्या कार्यक्रमात सोफे मी मांडले. त्याने नको म्हटलं होतं, तरी मांडले. आणि कार्यक्रम पडल्यावर लोक कारण विचारू लागले, तेव्हा मी त्याचंच नाव पुढे केलं.

पुण्यातली नोकरी सोडून तो भिलाईला परतला होता. इथे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा फेस्टिव्हल भरवायचा, हे त्याच्या डोक्यात होतं. कोचिंगची, इंजिनिअरिंगची एवढी पोरं इथे राहतात, ती असल्या कार्यक्रमांना रायपूर-नागपूरला जातात. मग इथेच का नको, असं तो म्हणायचा. पण पैसे लावणाऱ्या शीतपेय कंपनीला आधी गर्दीची खात्री हवी होती, डीजेच्या मॅनेजरला आधी आगाऊ रक्कम, आणि डीजे कोण ते कळल्याशिवाय पोरं तिकीट काढायला तयार नव्हती. त्यात रात्री दहाला आवाज बंद, ही पोलिसांची अट. तरी कित्येक महिने खपून त्याने सगळं जुळवलं. यंदा जमलं तर पुढेही सोबत राहू, असं शीतपेयवाले म्हणाले होते. त्याचं भिलाईत राहणं त्या एका संध्याकाळवर अवलंबून होतं, आणि हे मला माहीत होतं.

मी इथल्या स्टील प्लांटमध्ये अधिकारी, त्यामुळे मैदान, परवानगी, ओळखीपाळखी माझ्याकडे. ओळखी आल्या की पास आलेच. आमच्या टाउनशिपमध्ये तिकीट काढणं म्हणजे आपल्याला कोणी ओळखत नाही, असं कबूल करणं. ज्याने मागितला त्याला मी पास दिला. आमचे विभागप्रमुख पास खिशात ठेवत म्हणाले, "बैठने का इंतज़ाम तो होगा ना भाई? फ़ैमिली आ रही है."

"हो जाएगा सर," मी म्हणालो. माझी बढती तेव्हा अडकलेली होती. ती पुढच्या वर्षी मिळाली, हेही सांगून टाकतो.

भावाने मला बजावलं होतं, "दादा, खुर्ची एकबी नको. स्टेजसमोर पोरं नाचली पायजेत. तेच तर इकून राहिलो ना आपण!"

त्या दिवशी दुपारी तो डीजेला आणायला रायपूर विमानतळावर गेला, आणि मी सुपेल्याच्या मंडपवाल्याला फोन केला. स्टेजसमोर पांढऱ्या अभ्र्यांचे सोफे लागले, त्यांच्यामागे खुर्च्या, मग बांबूचं कुंपण. तिकीट काढून आलेली पोरं कुंपणापलीकडे. भाऊ परतला तोवर साहेबांचं कुटुंब ऐसपैस बसलं होतं.

"हे कावून केलं, दादा?"

"अबे, मोठी माणसं आहेत. उभं ठेवू काय त्याइले?"

मग साहेबांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, साहेबांनी भाषण केलं. तेही मीच ठरवलेलं. दहाची वेळ जवळ येत होती आणि डीजे गळ्यात हेडफोन अडकवून स्टेजच्या कडेला उभा होता. शेवटी संगीत सुरू झालं तेव्हा सोफ्यांवरच्या लोकांनी कानांवर हात ठेवले. कुंपणामागून कोणी ओरडलं, "अंकल लोग, आरती चल रही है क्या? उठो, नाचो!" पोरं हसली, शिट्ट्या मारल्या, आणि हळूहळू बाहेर पडू लागली. थोड्या वेळाने साहेबही उठले. डीजे रिकाम्या सोफ्यांसमोर वाजवत राहिला. शीतपेय कंपनीचा माणूस फोटो काढायला मोबाइल हातात धरून होता. त्याने तो खिशात टाकला आणि निघून गेला. पुन्हा त्याने भावाचा फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये विषय निघाला. मी म्हणालो, "पोराले अनुभव नाही. मी सांगतच होतो, भिलाईत हे चालत नाही." हे बोलणं फिरत फिरत आईपर्यंत पोचलं. भावाने कधी खुलासा केला नाही. रिसालीत एक खोली घेऊन तो लग्नांना डीजेचं सामान पुरवू लागला. फेस्टिव्हलचा विषय त्याने परत काढला नाही.

परवाच्या रविवारी तो सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरवर जेवायला आला होता. एका कॉलेजने त्याला गॅदरिंगसाठी डान्स नाइट करायला बोलावलं होतं. किती दिवसांनी तो हात हलवून, रंगून बोलत होता. आईने त्याच्या पानात भाकरी वाढली.

"ह्या खेपेले दादाले इचारून कर बाप्पा. मांगं त्याचं आयकलं असतं, तर अशी पाळी आली असती काय तुह्यावर?"

त्याचा हात थांबला. "हो आई," एवढंच म्हणून तो खाली मान घालून जेवू लागला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. ते "हो आई" मला गिळता येईना.

"आई," मी म्हणालो, "सोफे मी मांगवले होते. हा नाहीच म्हणत होता. सत्कार, भाषण, सारं माह्यंच. अन् चूक ह्याची आहे म्हणून गावभर सांगतलं, तेबी मीच."

मी भावाकडे वळलो.

"तुह्या मेहनतीवर मी माह्ये साहेब बसवले. माफ कर मले."