वेसणीशिवाय शेवंती

शेवंती गोठ्याच्या मधोमध बसली होती आणि उठायला तयार नव्हती. दोरीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला आमच्या खात्यातल्या वरिष्ठ साहेबांनी गोळा केलेले धडधाकट गडी. साहेब सावलीत उभे राहून "ओढा, ओढा" म्हणत होते. गडी घामेघूम झाले. शेवंती रवंथ करत होती.

शेवंती म्हणजे मंदाताईंची गीर कालवड. मी त्या भागाची पशुधन विकास अधिकारी, म्हणजे जनावरांची सरकारी डॉक्टर. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारी मी पहिली आणि कॉलेजची पायरी चढलेलीही मीच पहिली. त्यामुळे साहेबांपुढं मान हलवत राहणं मला अजून नीटसं जमलेलं नाही.

साहेबांची अडचण मात्र खरी होती. आमच्या खात्यानं घसा कोरडा होईस्तोवर मुक्त गोठ्याचा प्रचार केला होता. मुक्त गोठा म्हणजे जनावर खुंट्याला बांधायचं नाही. कुंपणाच्या आत मोकळं सोडायचं, त्याला वाटेल तेव्हा खाईल, वाटेल तेव्हा बसेल. मोताळ्याकडच्या आमच्या गावांमध्ये हे मनापासून ऐकलं ते मंदाताईंनी. शेवंतीला जन्मापासून दोरी ठाऊक नव्हती. आता पशुप्रदर्शनात 'मुक्त गोठ्याची यशस्वी कालवड' म्हणून तिलाच दाखवायचं ठरलं होतं. दाखवायची कशी? दोरीला बांधून.

प्रमुख पाहुणे ती दोरी हातात धरणार आणि फोटो निघणार, एवढं पक्कं होतं. बाकीचा कार्यक्रम त्या फोटोभोवती बसवायचा होता.

"मॅडम, सरळ वेसण घाला," साहेब म्हणाले.

वेसण म्हणजे नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पाडून ओवलेली दोरी. ओढली की दुखतं, म्हणून जनावर ऐकतं.

 मंदाताई पुढं आल्या. "साहेब, इच्या मायचं नाक वेसणीनं फाटलं. म्या डोयानं पाह्यलं. इच्या नाकाले कोनी हात लावाचा नाही."

"मग प्रदर्शनात चालवणार कोण हिला?"

"मीच चालवन."

साहेब हसले. आमच्या प्रदर्शनाची रीत अशी, की शेण काढायला बाई, धार काढायला बाई आणि रिंगणात जनावर मिरवायला फेटा बांधलेला गडी. ते हसणं मला लागलं. मी मध्ये पडले आणि म्हणाले, आम्ही हिला नुसत्या म्होरकीवर चालवून दाखवू. नाही चालली तर आदल्या दिवशी मी माझ्या हातानं वेसण घालीन. बोलून झाल्यावर मी मंदाताईंकडं पाहिलं. पैज मी लावली होती आणि नाक त्यांच्या कालवडीचं होतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "तुमच्या भरोशावर हाय मी, मॅडम."

म्होरकी म्हणजे नाकाला भोक न पाडता तोंडाभोवती बसणारी दोरी. आम्ही ती बांधली आणि सोडून दिली. दोरीचं टोक जमिनीवर लोळत होतं. शेवंतीचा त्यावर स्वतःचाच पाय पडायचा, मान अडकायची, ती थांबायची. राग कुणावर काढणार? सोबत मंदाताई तिला शेपटीच्या मुळाशी खाजवत बसायच्या, जिथं तिची जीभ पोचत नाही तिथं. माणूस जवळ आला की बरं वाटतं, हे तिला आधी कळायला हवं होतं.

मग खरं काम. यात ओढायचं नसतं. दोरी जराशी ताणायची आणि शांत उभं राहायचं. तिनं एक पाऊल पुढं टाकलं की त्याच क्षणी दोरी सैल. ती सैल दोरी हेच तिचं बक्षीस. ताकदीत आपण हरणारच, म्हणून ताकदीचा विषयच काढायचा नाही. आणि दोरी हाताला कधीच गुंडाळायची नाही, जनावर उधळलं तर माणूस फरफटत जातो.

साहेबांचा रोज फोन.

"चालली का?"

"उभी आहे."

"म्हणजे प्रगती शून्य?"

"साहेब, काल पळून जात होती. आज उभी आहे."

त्यांनी वर कळवलं, 'प्रशिक्षण प्रगतिपथावर.'

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते स्वतः आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत वेसणीची नवी दोरी. मंदाताईंनी शेवंतीला गोठ्यातून काढलं, रस्त्यानं देवळापर्यंत नेलं आणि परत आणलं. मोटारसायकली गेल्या, कुत्री भुंकली. दोरी दोन बोटांत होती. साहेबांनी पिशवीची घडी घातली आणि म्हणाले, "ठीक आहे, पण ही पद्धत फार वेळखाऊ आहे."

दुसऱ्या दिवशी मंदाताई रिंगणात उतरल्या. कुंपणापाशी एक म्हातारबुवा शेजाऱ्याला विचारत होते, "दोरी तं लोंबूनच राह्यली बे, धरली काऊन मंग?" याहून मोठं सर्टिफिकेट मला आजवर मिळालेलं नाही.

मग पाहुणे फोटोसाठी खाली उतरले. त्यांनी मंदाताईंच्या हातून दोरी घेतली, मुठीला गुंडाळली आणि पोज म्हणून जोरात ओढली.

शेवंतीनं शिकवल्याप्रमाणं एक पाऊल पुढं टाकलं. आता सैल सोडायची पाळी पाहुण्यांची होती. पण कालवड अंगावर आली असं वाटून ते मागं सरले. दोरी पुन्हा ताणली. तिनं पुन्हा पाऊल टाकलं. ते आणखी मागं, ती आणखी पुढं, अशी ती जोडी मोठ्या शिस्तीत रिंगण ओलांडून मंडपातल्या सोफ्यापर्यंत गेली. पाहुणे सोफ्यावर बसले, म्हणजे बसावंच लागलं. दोरी सैल झाली. शेवंती थांबली, वळली आणि शेपटीकडची बाजू त्यांच्यापुढं करून उभी राहिली.

 मंदाताई मागून आल्या आणि अदबीनं म्हणाल्या, "जरा खाजवा साहेब, मंग सरकते ते."

पाहुण्यांनी खाजवलं. फोटोग्राफरनं त्याचं काम केलं.

साहेबांनी मला मंडपामागं गाठलं. "वेसण असती तर हे झालं असतं का?"

"नसतं. ओढल्याबरोबर दुखून तिनं डोकं झटकलं असतं. दोरी त्यांच्या मुठीला गुंडाळलेली होती, साहेब."

पुढचं त्यांनी मला बोलू दिलं नाही.

पहिला नंबर पाहुण्यांच्या मेव्हण्याच्या गाईला मिळाला. तिला तिघांनी ओढत रिंगणात आणलं होतं. शेवंतीचा दुसरा.  फेटेवाले आपापली जनावरं टेम्पोत चढवायला झटत होते, तेव्हा मंदाताई शेवंतीला घेऊन त्यांच्या मधून पायी घरी निघाल्या.

अहवालात त्या दिवसाबद्दल एक वाक्य आहे: 'प्रमुख पाहुण्यांनी जनावराशी आपुलकीने संवाद साधला.' ते वाक्य साहेबांचं. माझं म्हणणं एवढंच, की कालवड शिकवणं फारसं अवघड नाही. ती शेवटी ज्या हातांत जाते ते हात कसे शिकवायचे, हे आमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं.