परतीचं पेट्रोल

काका कुणालाही 'या' म्हणून निरोप देत नसत. 'परतीचं आहे ना?' असं विचारत. म्हणजे पेट्रोल. मी हिंजवडीहून ऑफिस सुटल्यावर खडकीला त्यांच्या संगणकाचं काही ना काही बघायला जायचो. निघताना हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांनी एरवी फाटक कधी लावलं नाही. आमच्या गटात त्यांचं नाव परतीकाका पडलं ते यावरून. त्यांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसलो की मधे मीच येतो. येऊ दे. मी त्यांना फसवलं होतं.

आमचा गट संगणकावर विमानं उडवणाऱ्यांचा. सहाजण, दर रविवारी सकाळी, आपापल्या घरी हेडफोन लावून, दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं. पन्नाशीतल्या माणसाने चारचौघांत सांगावी अशी ही गोष्ट नाही, असं बायकोचं मत आहे. सर्व्हर मी चालवायचो, त्यामुळे खेळाचे नियमही माझ्या हातात. काका सत्तरीचे. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या एका कारखान्यात इंजिनं तपासण्यात गेली होती.

'फेरे कमी, दाब पुरेसा' हा त्यांचा मंत्र; इंजिन कमी फेऱ्यांवर फिरवलं की इंधन पुरतं. इंजिनाची पूर्ण ताकद पाच मिनिटं वापरायची परवानगी असते. आम्ही ती बेलाशक वीस मिनिटं ओढायचो आणि इंजिन जाळून घ्यायचो. काका गजर लावत. तो गजर आमच्या हेडफोनमध्ये वाजायचा आणि पाठोपाठ काकूंचा आवाज, "अहो, माझं घड्याळ द्या इकडे. भात लावायचाय."

इंधनाच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. काटा खोटं बोलतो, घड्याळ बोलत नाही, असं म्हणत. ते मिनिटं मोजायचे आणि ठरल्या क्षणी सांगायचे, "निम्मं संपलं. फिरा." मग शत्रूचं विमान अगदी नाकासमोर असलं तरी फिरायचं. आमच्यातला चिन्मय वैतागायचा. एकदा म्हणाला, "काका, हे लढाऊ विमान आहे. एसटी नाही."

"एसटी परत येते," काका म्हणाले, "म्हणून लोक बसतात."

शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते स्वतः उतरत नसत. फेरे अगदी खाली आणून धावपट्टीच्या वर घिरट्या घालत राहायचे. एकदा माझ्या टाकीला गोळी लागली. बाकीचे उतरून चहाला गेले होते. काका म्हणाले, "मी वर आहे. सावकाश ये." मग पाऊण तास ते सांगत राहिले: इंधनाचं मिश्रण पातळ कर, फेरे आणखी कमी, उंची सोडू नकोस. चाकं जमिनीला लागली आणि इंजिन बंद पडलं. शाबासकी वगैरे काही नाही. "आता मी उतरतो," एवढंच.

पुढे चिन्मय आणि आणखी दोघे गट सोडायला निघाले. त्यांना सगळा वेळ पूर्ण ताकद हवी होती, मधेच फिरायचं नव्हतं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'न संपणारं इंधन' असा एक चौकोन असतो. मी तिथे टिचकी मारली. सगळ्यांना कळवलं. काकांना नाही. वाद नको, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे गट मोडला असता तर रविवारी मला कुठे जायला जागा नव्हती.

त्या रविवारी काका नेहमीसारखे म्हणाले, "निम्मं संपलं. फिरा."

"हो काका, आलोच," चिन्मय म्हणाला. फिरलं कुणीच नाही. फोनवर आम्हा पाचजणांचा वेगळा ग्रुप होता, तिथे हसणारे चेहरे आले. एक मीही टाकला. काका एकटे परत गेले. "मी वर आहे. सावकाश या." आम्ही तासाभराने जायचो, कधी तिथूनच खेळ बंद करून मोकळे व्हायचो. असे अकरा रविवार गेले. त्यांच्या समोरचा काटाही भरलेलाच दिसत असणार, हे मला कळत होतं. ते बोलले नाहीत. वय झालं, लक्षात येत नसेल, असं मी सोयीने धरून चाललो.

बाराव्या रविवारी ते आले नाहीत. हृदयाचं दुखणं निघालंय, असा काकूंचा निरोप आला. मी दोन महिने गेलो नाही. गेलो ती शेवटची भेट.

काका खुर्चीत होते, फार वाळलेले. मी सगळं सांगून टाकलं, हसणाऱ्या चेहऱ्यासकट.

"पहिल्याच रविवारी कळलं," ते म्हणाले. "माझी नोकरी काट्यांसमोर गेली. न हलणारा काटा मला दिसणार नाही?"

"मग दर वेळी निम्मं संपलं असं का म्हणायचात?"

"तुला ऐकू जावं म्हणून."

काकूंनी चहा आणून ठेवला. काकांनी एक कप माझ्याकडे सरकवला.

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "घे. गार होतोय."

निघालो तेव्हा काकू नको म्हणत असताना ते भिंतीला धरत फाटकापर्यंत आले. मी स्कूटर चालू केली. हेल्मेटचा पट्टा लावला, सोडला, पुन्हा लावला.

काकांनी परतीचं न विचारताच फाटक ओढून घेतलं आणि कडी लावली.