पाणीसुद्धा नाही

मुलग्यांच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला आवाज चढवता आला पाहिजे आणि हसू दाबता आलं पाहिजे, बाकी सगळं आपोआप येतं, असं मी तेव्हा ऐटीत सांगत असे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीतल्या एका कॅथलिक शाळेत मी मराठी शिकवत होते. शाळा चालवणारे फादर, पण वर्गात ख्रिस्ती मुलं अगदी मोजकी. बाकी बरेचसे हिंदू, थोडे मुसलमान. मी स्वतः गावातल्या जुन्या, कलमांच्या बागा असलेल्या घरातली. सून नोकरी करते हे घरच्यांना थोडं खुपायचं, आणि फादरांच्या शाळेत करते हे जरा जास्त खुपायचं.

आमचे फादर मंगळूरकडचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे हळू आणि शुद्ध बोलत. मासळीबाजारातली बोली ऐकून मात्र त्यांची पार दांडी उडायची. त्यांनी आठवी-नववीच्या मुलांसाठी सेवेचा एक कार्यक्रम सुरू केला होता. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मदतीची गरज असलेल्या एखाद्या घरी जायचं आणि पडेल ते काम करायचं. दर आठवड्याला एक मुलगा नायक. तो प्रार्थनामंदिराच्या पायरीवर उभा राहून प्रार्थना सांगे. ख्रिस्ती मुलं क्रूसाची खूण करत, बाकीचे आपापल्या परीने हात जोडत. मग नायक कामं वाटून द्यायचा आणि सगळ्यात घाणेरडं काम स्वतःकडे घ्यायचा, असा फादरांचा दंडक होता. पुढे व्हायचं असेल तर आधी घमेलं उचला, म्हणत. मला आधी हे सगळं नाटकी वाटलं होतं. पण फादर मला म्हणाले, "तुम्ही बरोबर या, टीचर. इथली माणसं तुम्हाला कळतात." झालं. मी फुगले.

पहिलं घर मांडवीतल्या एका कोळणीचं. मुलांनी अंगण झाडलं, भिंतींना चुना काढला, आणि तिने प्रेमाने वाढलेले तळलेले बांगडे आणि भाकऱ्या फस्त केल्या. पुढे कळलं की त्या दिवशी तिच्या घरात रात्रीला काही उरलं नव्हतं. फादर फार अस्वस्थ झाले. ज्याची सेवा करायची त्याच्या घरी काही खायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

तेव्हा मी माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, "फादर, नुसतं खायचं नाही म्हणून भागणार नाही. आमच्याकडे आधी पाणी येतं, पाण्याबरोबर गूळ येतो, मागून चहा, आणि चहा झाला की पोहे. एकदा पाणी घेतलंत की तुम्ही अडकलात. पाण्यालाच नाही म्हणायचं."

"पाणीसुद्धा नाही?" फादरांनी विचारलं.

"पाणीसुद्धा नाही. मुलांनी बाटल्या आणायच्या."

फादरांना ते काही फारसं पटलेलं दिसलं नाही. पण इथली माणसं कळणारी मी होते ना.

त्यानंतरचं घर मिरजोळ्याच्या पलीकडे, कारखान्यांच्या शेड मागे टाकून वर चढत गेलं की लागणाऱ्या बौद्धवाडीत होतं. म्हातारी एकटी राहायची. मुलगा मुंबईला. आदल्या पावसात घराची एक भिंत बसली होती आणि तिथे नारळाची झापं बांधलेली. जांभ्या दगडाचे चिरे खाली रस्त्याला आणून पडले होते, ते चढणीवरून घरापर्यंत न्यायचे होते. फादरांच्या ओळखीचा एक गवंडी फुकट भिंत बांधायला तयार होता. पावसाच्या आत भिंत उभी राहिली नसती, तर घरच बसलं असतं. हे म्हातारीला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

फेब्रुवारी संपत आलेला, ऊन चांगलंच तापायला लागलेलं. दोघादोघांत एक चिरा धरून मुलं चढत होती. तास-दीड तासाने म्हातारी बाहेर आली. हातात घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्या, ताटलीत गुळाचे खडे. साडीही बदललेली दिसत होती.

"पोरांनू, दमलाव असाल. वायच पानी घ्या."

त्या दिवशीचा नायक मोठा सद्गुणी मुलगा. नियम म्हणजे नियम. तो पुढे झाला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "नको, आजी. आमचं आम्ही आणलंय."

ती दुसऱ्याकडे वळली. त्यानेही मान हलवली. मग तिसऱ्याकडे. सगळे कसे हसतमुखाने नाही म्हणत होते, आणि मी फणसाखाली उभी राहून ती शिस्त डोळे भरून बघत होते. मग मुलं पिशव्यांतून बाटल्या काढून तिच्या अंगणात, तिच्यासमोर घटाघटा पाणी प्यायली. मीसुद्धा प्याले.

म्हातारी "बरा" म्हणाली. ताटलीवर पदर घेतला आणि आत गेली. नंतर दिवसभर मुलं चिरा घेऊन आली की ती वाटेवरून बाजूला होई, पार अंगणाच्या दगडी गडग्याला टेकून उभी राही. मला वाटलं, मुलांना वाट देते आहे.

संध्याकाळी घरी आले. मागच्या दारी, बागेतलं गवत काढायला येणारी बाई पाणी मागत होती. सासूबाईंनी कोनाड्यातला चेपलेला ॲल्युमिनियमचा पेला तिच्यापुढे ठेवला आणि वरून धार धरली. तो पेला मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या कोनाड्यात होता. बाईने पाणी पिऊन पेला विसळला, जागच्या जागी पालथा घातला आणि बाजूला होऊन उभी राहिली. अगदी तशीच, पार कुंपणाला टेकून.

आयुष्यभर जिच्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही, तिच्या दारात मी शाळेची पोरं नेली होती आणि एकेकाला तोंडावर नाही म्हणायला शिकवलं होतं. वर त्याला सेवा म्हणत होते. फादर परक्या मुलखातले, मुलं लहान. मला कळायला हवं होतं. पेला माझ्या घरात होता.

सोमवारी मी फादरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या प्रभूची एक गोष्ट आहे. जिच्या हातचं पाणी त्याच्या जातीची माणसं पीत नसत, अशा बाईकडे तो विहिरीवर पाणी मागतो. "ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो, टीचर," ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

शनिवारी पायरीवर त्यांनी मुलांना सांगितलं, आज बाटल्या न्यायच्या नाहीत. आज आपण आजींकडे पाणी मागायचं. नायकाने विचारलं, "मग आधीचा नियम चुकीचा होता?"

"होता. आणि तो मी केला," फादर म्हणाले.

नियमात पाण्याचं कलम कुणी घातलं होतं हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी पायरीच्या कडेला उभी होते. मी मुलं मोजायला लागले.

त्या दिवशी फादर स्वतः आले. पांढरा झगा खोचून त्यांनीही चिरे उचलले. दुपारी घामाघूम होऊन ते सरळ तिच्या पडवीत जमिनीवर बसले आणि आपल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "आजी, आम्हाला तहान लागली आहे. कृपया पाणी द्या."

म्हातारी गडबडली. माझ्याकडे बघितलं. मग आत जाऊन झाकण घातलेली एक स्टीलची बादली घेऊन आली, आणि फादरांना भरवसा देत सांगू लागली, "घाबरू नुको. माज्या घरचा न्हाय ता. वरच्या वाडीतल्या मोट्या लोकांकडनं आणलाय, सकालीच. मोप येळ उभी व्हते इहिरीवं. मंग त्यांच्या सुनेनं वरनं वतलान. पिऊंदेत पोरं."

फादरांना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांना फक्त तिचा चेहरा दिसला, आणि त्यांनी दोन्ही हातांनी पेला घेतला. प्यायले. डोळे भरून आले त्यांचे. "किती गोड पाणी आहे," म्हणाले. मग मुलं प्यायली. मुलं घरी प्रमाण मराठी बोलणारी, आणि दंगा इतका की तिचं बोलणं कुणाच्या कानात शिरलंच नव्हतं. नायक तर दोनदा प्यायला.

म्हातारी आत वळली, तशी मी उठून तिच्या मागोमाग गेले. कोपऱ्यात तिचं मडकं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर. मी म्हटलं, "आजी, मला यातलं द्या. तुमच्या घरचं."

ती मडक्याच्या आड आली. आवाज खाली आणला. "नुको गो बाय. तू पिशील, मला ठाव हाय. पन पोरांनी बगितलानी नि घरी जाऊन सांगितलानी, तर फुडल्या शनवारी त्यांच्या आया धाडतील काय त्यांना? माजी भित ऱ्हायल ना अर्धी."

तिचं काही चुकत नव्हतं. त्या आयांना मी ओळखत होते. त्यांच्यातली एक माझ्याच घरात सासूबाईंच्या रूपाने बसलेली होती. मी बाहेर आले. तिने बादलीतलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे धरलं आणि मी मुकाट्याने ते प्याले.

भिंत पावसाच्या आत पुरी झाली. मुलांनी तिला चुना काढला, फादरांनी आशीर्वाद दिला. पुढे ते बदलून जाईपर्यंत दर स्नेहसंमेलनात, पालकांसमोर, त्या पाण्याची गोष्ट सांगायचे. सेवा करायला गेलो आणि एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला तिच्या घरचं पाणी पाजून शिकवलं, असं म्हणायचे. खरं सांगायला मी अनेकदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि त्यांचा चेहरा बघून परत फिरले. निदान असं मी स्वतःला सांगत असे. खरं तर मला माझाच चेहरा वाचवायचा होता.

गोष्ट संपली की ते पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे वळायचे. "टीचर साक्षीला आहेत. किती गोड पाणी होतं, नाही टीचर?"

"हो, फादर," मी म्हणायचे. पालक टाळ्या वाजवायचे, आणि मीही वाजवायचे.